छान, अडतीस

मास्तरांच्या दुकानात माणसाला कंबरा दोन असत. एक ऐकायची आणि एक शिवायची. ऐकायची कंबर मास्तर मोठ्याने सांगत, गिऱ्हाइकाच्या कानावर नीट पडेल अशी. शिवायची कंबर मास्तरीणबाई वहीत लिहीत, आणि ती वही तीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकाच्या हाती लागली नव्हती.

याची सुरुवात लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी झाली. एक लठ्ठशी बाई फ्रॉक शिवायला आली, मास्तरांनी तिची कंबर मोजून आकडा सांगितला, आणि बाईने आरशाकडे एकदा, मास्तरांकडे एकदा बघून डोळ्यांना रुमाल लावला आणि ती कापड घेऊन चालती झाली. त्या दिवशी मास्तर म्हणाले, की माणूस आपल्याकडे कपडा शिवायला येतो, त्याला स्वतःबद्दलची बातमी कशाला द्यायची. तेव्हापासून ठरलं. मास्तरांनी नुसता आकडा सांगितला तर तो खरा. आकड्याआधी 'बरं' आलं, की बाईंनी दोन इंच वाढवून लिहायचे. 'छान' आलं, की चार. "कंबर... छान, चौतीस," असं मास्तर म्हणाले, की आरशासमोरचं माणूस मान जरा ताठ करी आणि पडद्याजवळच्या स्टुलावर बसलेल्या मास्तरीणबाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता अडतीस लिहून टाकत. 'अरे वा' म्हणजे सहा. ते एकदाच वापरावं लागलं, पोलीस बँडमधल्या ढोलवाल्यासाठी, आणि त्या दिवशी बाईंना शिंक आल्याचं सोंग करून पडद्याआड पळावं लागलं होतं.

ही भाषा दोघांचीच होती. पोटच्या लेकीलाही ती माहीत नव्हती. तसे मास्तर बोलघेवडे नव्हतेच. 'तू छान दिसतेस' वगैरे बोलणं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि बाईंनी कधी वाटही पाहिली नाही, कारण दिवसातून सात-आठ वेळा भर दुकानात, चार माणसांदेखत, नवरा आपल्याशी असं काही बोलतो जे दुसऱ्या कुणालाच कळत नाही, यातच त्यांचं पोट भरत असे.

दुपारी मास्तर टेबलावर कापड पसरत. बाई वहीतून एकेक आकडा वाचून दाखवत, मास्तर खडूने आखत आणि प्रत्येक आकड्याला म्हणत, "हं... पुढे." आखून झालं की ते शेजारच्या चष्मेवाल्याकडे चहाला जात. तेवढ्यात बाई रेघेवरून टाचण्या लावत, कापडाचे पदर हलू नयेत म्हणून. मास्तर परत आले की टाचण्यांच्या कडेकडेने कातर चालवत. मास्तरांकडे ट्रायल नसते, एकदाच जायचं ते कपडा आणायला, असा त्यांचा लौकिक होता, आणि त्या लौकिकातला अर्धा वाटा आपला आहे हे बाई मनातल्या मनात पक्कं धरून होत्या.

आणि मग फोन आला.

आला तेव्हा बिचारा गरीब होता. लेक परगावी नोकरीला गेली, तिने जाताना घेऊन दिला. रविवारी सकाळी तिच्याशी बोलायचं आणि बाकी सहा दिवस त्याच्यावर रुमाल टाकून ठेवायचा. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आधी सुईत दोरा ओवताना मास्तर त्याचा उजेड घेऊ लागले. मग गिऱ्हाइकं त्यांच्या फोनवरून कॉलरचे, बाह्यांचे फोटो पाठवू लागली, तेव्हा तो टेबलावरच ठेवणं भाग पडलं. मग भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. ते नेमकं कधी बंद पडलं हे दोघांनाही सांगता आलं नाही, कारण मास्तर वेळ फोनवर बघत आणि बाई मास्तरांना विचारत. बाकावर बसून गावभरच्या गप्पा मारणारी गिऱ्हाइकं आपापल्या फोनमध्ये मान घालून बसू लागली. अमक्याची सून, तमक्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, यातलं काही बाईंच्या कानावर येईना, आणि तेही येत नाही हे त्यांच्या लक्षात यायला वर्ष गेलं.

वही मात्र बाईंचीच होती. ती जायला एक दाढ कारण झाली.

दाढ अशी ठणकली, की बाई तीन दिवस गाल धरून वरच्या खोलीत पडून होत्या. खाली मास्तर एकटे. मापं घ्यायची की लिहायची? लेकीने फोनवरूनच तोडगा काढला. म्हणाली, बाबा, फोनलाच सांगा ना, तो लिहून घेतो आणि नंतर वाचूनही दाखवतो. आकडे तेवढे घेतो, मागचंपुढचं गाळून टाकतो. चौथ्या दिवशी बाई गालाला रुमाल बांधून खाली आल्या, तेव्हा त्यांच्या स्टुलावर फोन बसला होता. मागे पांढऱ्या दोऱ्याच्या रिळाचा टेकू देऊन, अगदी ऐटीत.

मास्तर म्हणाले, "तू राहू दे गं आज. दुखतंय ना? आत बसून काजं कर सावकाश."

मायेनेच म्हणाले. तीच तर पंचाईत झाली. रागाने म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत, आणि आठवडाभराने दाढ बरी झाली तरी बाई पडद्याच्या आतच बसलेल्या होत्या. 'आता बाहेर ये' असं कुणी म्हटलं नाही. 'आता बाहेर येऊ नकोस' असंही कुणी म्हटलं नाही. बाई मानी होत्या, त्या आपणहून स्टुलावरून फोन उचलून बसणार नव्हत्या. वही शिलाई मशीनच्या खणात गेली.

दुपारी आखताना आता फोन आकडे वाची. त्याचा आवाज कुणा परक्या बाईचा होता. गोड, न दमणारा, कधी खोकला नाही की जांभई नाही. छाती, चव्वेचाळीस. खांदा, सतरा. आणि मास्तर खडू चालवत म्हणत, "हं... पुढे."

ते 'हं... पुढे' बाईंच्या काळजात जाऊन रुतलं. आकडे वाच म्हणावं खुशाल, पण नवऱ्याने तिला 'हं' कशाला म्हणायचं? चष्मेवाला एकदा थट्टेने म्हणाला, की वहिनी, सवत आणून बसवली की हो मास्तरांनी. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि आत जाऊन एका सदऱ्याची तीन काजं इतकी घट्ट आवळली की उसवून पुन्हा करावी लागली. यंत्राचा मत्सर करणं हे वेडेपणाचं आहे हे त्यांना कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता. कानामागून आला आणि तिखट झाला, एवढंच त्यांच्या डोक्यात दिवसभर फिरत राही.

त्यात एक गंमत होती, आणि ती बाईंशिवाय कुणाच्या लक्षात आली नव्हती. मास्तरांच्या तोंडची तीस वर्षांची सवय सुटली नव्हती. समोर फोन असो की कुणी असो, ते आपले 'बरं' आणि 'छान' म्हणतच होते. फोन बिचारा सरळ. कानावर आलं ते लिहिलं. छान चौतीस म्हटलं, की चौतीस.

पहिल्यांदा हे झालं ते बेकरीवालीच्या कोटाच्या वेळी. बाईंनी आतून 'छान' ऐकलं होतं. दुपारी मास्तर चहाला गेल्यावर त्या टाचण्यांची डबी घेऊन टेबलाशी आल्या आणि बघतात तो कंबर एकूण चार इंचांनी आत. हा कोट बेकरीवालीला झाला नसता, तिच्या धाकट्या बहिणीला झाला असता. बाईंनी हाक मारली नाही, बोभाटा केला नाही. पुढचे दोन, पाठीचे दोन, अशा चारही भागांना एकेक इंच वाटून त्यांनी नवी रेघ आखली, जुनी बोटाने पुसली आणि नव्या रेघेवर टाचण्या लावल्या. मास्तर आले, कातर घेतली आणि कापलं. कोट बेकरीवालीच्या अंगाबरोबर बसला.

मग हेच सुरू झालं. 'बरं' ऐकलं की अर्धा इंच, 'छान' ऐकलं की एक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. वर्षभर एकही कपडा परत आला नाही, आणि चष्मेवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की मास्तरांचा फोन मोठा गुणाचा, आजवर एक आकडा चुकला नाही पठ्ठ्याचा. गिऱ्हाइकं कौतुकाने फोनकडे बघत. मास्तर नुसते हसत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं बाईंना वाटे. राबायचं आपण आणि मिरवायचं त्याने. बरं, बोलायची सोय नाही, कारण बोललं तर गुपित फुटणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो, आणि बाईंचा जीव त्यात आंबत चालला.

मेट्रनबाई आल्या त्या अशा दिवसांत.

रस्त्याच्या टोकाच्या इस्पितळात त्यांची चौतीस वर्षं नोकरी झाली होती. महिनाअखेर निवृत्ती, आणि निरोपाच्या समारंभाला गडद निळा कोट हवा होता, पितळी बटणांचा. देहाने भारदस्त, मनाने त्याहून. वस्तीतल्या निम्म्या मुलांना त्यांनीच सुया टोचल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना या जगात आणलं होतं. मास्तरांची लेक त्यांतलीच. त्या वेळी ड्यूटी संपून गेली तरी त्या घरी गेल्या नव्हत्या, बाईंचा हात हातात घेऊन पहाटेपर्यंत बसल्या होत्या. हे बाई विसरल्या नव्हत्या. ते इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे बाईंना झुकतं माप दिल्याचा आरोप माझ्यावर यायला नको.

पडद्याआड मशीनवर बसलेल्या बाईंना मास्तरांचा आवाज आला. छाती झाली, खांदा झाला. मग, "कंबर... छान, अडतीस."

"अडतीस," फोन गोड आवाजात म्हणाला.

मेट्रन खूश झाल्या. म्हणाल्या, की अजून अडतीस म्हणजे काही वाईट नाही हो या वयात, आणि हा बोलतोसुद्धा वाटतं, मग मास्तरीणबाईंना आता लिहिण्याची कटकट उरली नाही, चला, सुटल्या एकदाच्या.

आणि मास्तर हसत म्हणाले, "हो ना. आता तिला इथे काही कामच राहिलं नाही."

मशीनचं चाक बाईंच्या हाताखाली थांबलं. मेट्रन गेल्या, दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही गेलं. जेवताना मास्तरांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि त्यावर कुणाचं तरी भाषण ऐकत जेवले. बाईंनी वाढलं, खरकटं उचललं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत हे मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी मास्तर आखून चहाला गेले. बाई टेबलाशी आल्या. निळ्या कापडावर पांढरी रेघ ठसठशीत उठून दिसत होती, आणि ती चुकीची होती. खडू हातात घेतला, कापडाला लावलासुद्धा. मग त्यांच्या मनात आलं, कामच राहिलं नाही ना? मग नाही तर नाही. एकदा तरी होऊन जाऊ दे याची फजिती. चारचौघांत दिसू दे, कोण किती गुणाचा आहे ते. बाईंनी खडू परत डबीत ठेवला आणि मास्तरांच्याच रेघेवर एकेक टाचणी लावत गेल्या, नेहमीइतक्याच सरळ, नेहमीइतक्याच अंतरावर.

कातर सुरू होण्याआधी आपण बोलू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. मास्तर आले, बोटं मोडली, कातर उचलली. जाड कापडातून जाणाऱ्या कातरीचा तो आवाज बाई तीस वर्षं ऐकत होत्या. तो सुरू झाला आणि संपला. त्यानंतरही दहा दिवस होते. अस्तर लागलं, बाह्या चढल्या. त्या कोटाला पाच काजं बाईंनी स्वतःच्या हाताने केली, रेशमी दोऱ्याने, एकसारखी, आणि यातल्या एकाही काजात बटण जाणार नाही हे त्यांना पहिल्या टाक्यापासून माहीत होतं. दर टाक्याला वाटे, सांगावं. दर टाक्याला बाहेरून आवाज येई, "हं... पुढे."

समारंभ पाच वाजता होता. मेट्रन साडेतीनला आल्या, शेवटच्या दिवशीची ड्यूटी उरकून, केस नीट बसवून, डोळे जरा सुजलेले. कोट अंगात चढवला. खांदे सुरेख बसले. मग त्यांनी मधलं बटण काजाकडे नेलं आणि ते तिथवर पोचलं नाही. त्यांनी श्वास आत घेतला आणि पुन्हा ओढून पाहिलं. दोन्ही कडांमध्ये चार बोटांची जागा उघडी राहिली.

बाई पडद्याच्या फटीतून बघत होत्या. मेट्रन मास्तरांवर उखडतील, मास्तर फोनवर उखडतील, असं त्यांनी दहा दिवस मनात रंगवलं होतं.

मेट्रन हळूच म्हणाल्या, "मीच सुटले असेन हो. महिनाभर जो तो निरोपाचं खाऊ घालतोय. अडतीस होते मी, तुमच्यासमोरच तर मोजलं."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, पण मोजली नाही, हातात नुसती धरून उभे राहिले. नाही मेट्रनबाई, चूक माझी आहे, असं ते दोनदा म्हणाले. शिवणीत राखून ठेवलेली जास्तीच्या कापडाची माया उसवून दीड इंच निघाला असता, उरलेला कुठून आणणार, आणि तेवढाही वेळ नव्हता. मेट्रन उलट त्यांचीच समजूत घालत राहिल्या. म्हणाल्या, उघडा घातला तरी चांगला दिसतो, हल्लीची मुलं असाच घालतात. आणि निळा कोट तसाच अंगात ठेवून, पर्स पोटाशी धरून, त्या पायऱ्या उतरून गेल्या.

बाई बाहेर आल्या. तोंडात वाक्य तयारच होतं, दहा दिवस घोळवलेलं, आणि तोंडातून ते निघूनही गेलं. "बघितलंत? तुमच्या लाडक्याने घात केला शेवटी."

मास्तरांनी टेप गळ्यात घातली आणि अर्धी राहिलेली विजार पुढ्यात ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर फोटो आले. मेट्रननेच पाठवले होते, कोटाची सगळ्यांनी तारीफ केली असं वर लिहून. मास्तरांनी एकेक करून सगळे बघितले आणि फोन बाईंसमोर धरला. अकरा फोटो होते. व्यासपीठावर मेट्रन, डॉक्टरांशेजारी मेट्रन, तरुण नर्सांच्या घोळक्यात मेट्रन. एका फोटोत पोटाशी पर्स, एकात फुलांचा गुच्छ, एकात नुसते दोन हात एकमेकांत गुंफून घट्ट धरलेले. एका फोटोत सगळ्या नर्सांनी हात वर करून त्यांना निरोप दिला होता, आणि एकट्या मेट्रनचे हात खाली होते.

बाईंना बघवेना. काल जिंकल्यासारखं काहीही वाटलं नव्हतं.

"तू आत होतीस ना त्या दिवशी?" मास्तरांनी विचारलं.

"होते."

"ऐकलं होतंस?"

मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तरांनी विश्वास ठेवला असता. बाईंनी तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं. "ऐकलं होतं. रेघही बघितली होती. मुद्दाम नाही हलवली."

मास्तरांनी फोन टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बाईंचाच बांध फुटला. स्टूल गेलं, वही गेली, तरी मी चकार शब्द काढला नाही, वर्षभर तुमच्या रेघा निस्तरल्या आणि नाव त्याचं झालं, आणि परक्या बाईसमोर तुम्ही म्हणता की हिला काम राहिलं नाही. आणि शेवटी, स्वतःलाच लाज वाटेल अशा बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "त्यालाही तुम्ही 'हं, पुढे' म्हणता."

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत बसले.

"अगं, फोनला मी 'छान' कशाला म्हणेन?" ते म्हणाले. "त्याला काय कळतंय त्यातलं? पडद्याकडे तोंड करून म्हणायचो मी, तुला ऐकू जावं म्हणून. तू रेघ सरकवतेस ते पहिल्याच वेळी कळलं होतं मला, बेकरीवालीला तो कोट बसला तेव्हाच. म्हटलं, वहीच्या जागी टाचण्या आल्या, एवढंच. आपलं आहे तसंच चाललंय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"त्यात बोलायचं काय? आधी तरी कधी बोललो होतो आपण?"

हे खरं होतं. बाईंनी मान खाली घातली. मास्तर उठले, चष्मा लावला, आणि जाता जाता, तक्रार म्हणूनही नव्हे, हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाले, "टाचण्या तू लावल्यास की मी रेघ बघत नाही गं. कातर धरतो आणि तुझ्या टाचण्यांवरून जातो. कधीच नाही बघितली."

त्यांनी बाईंना पुन्हा काही ऐकवलं नाही. मेट्रनना दुसरा कोट विनामोबदला शिवून द्यायचं ठरलं, आणि बाईंनी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं की चूक दुकानाची होती, तुम्ही तसूभरही सुटलेला नाहीत. कुणाची चूक ते मात्र त्यांना सांगवलं नाही.

सोमवारी सकाळी बाई खाली आल्या, तर फोन खिडकीच्या कट्ट्यावर होता आणि मास्तर हातातल्या फडक्याने स्टूल पुसत होते. मशीनच्या खणातून वही काढून त्यांनी स्टुलावर ठेवली. वर पेन्सिल, टोक केलेली. बस, असं म्हणाले. बाई बसल्या. वर्षभराने तिथून आरसा दिसला, दारातून येणारी माणसं दिसली, समोरच्या भिंतीवरचं बंद घड्याळ दिसलं. दहाच्या सुमाराला पोस्टमन विजार शिवायला आला.

"कंबर... बरं, छत्तीस."

बाईंनी अडतीस लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण आलं. दुपारी मास्तरांनी खाकी कापड पसरलं. बाईंनी वहीतून आकडे वाचले. आवाज मध्येच घोगरा झाला, एकदा खोकलाही आला, आणि मास्तर प्रत्येक आकड्याला थांबून 'हं' म्हणाले. आखून झाल्यावर ते चहाला गेले. बाईंनी टाचण्या लावल्या, इतक्या जपून की एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला. रेघेला रेघ, टाचणीला टाचणी. आयुष्यात इतक्या सरळ टाचण्या त्यांनी लावल्या नव्हत्या. हवं होतं ते सगळं त्यांना परत मिळालं होतं, आणि फोन तिकडे कट्ट्यावर उन्हात पालथा पडला होता.

मास्तर परत आले. नेहमीसारखी बोटं मोडली, कातर उचलली, टाचण्यांच्या पहिल्या टोकाला लावली. मग ती खाली ठेवली. गळ्यातली टेप काढून त्यांनी बाईंच्या टाचण्यांच्या ओळीवर धरली, कमरेपाशी एकदा, खाली नितंबापाशी एकदा, आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली. बाई टेबलाच्या पलीकडे कापडाचं टोक धरून उभ्या होत्या.

"बरोबर आहे," मास्तर वर न बघता म्हणाले, आणि कापायला लागले.